बॅन्फ राहू दे, आधी मेडिसिन हॅट: भाड्याचं मोटरहोम घेऊन आल्बर्टाच्या माळावर

मुलगा किंवा मुलगी कॅनडाच्या आल्बर्टा प्रांतात, कॅलगरीत स्थिरावली की फोंड्याहून, म्हापशाहून आईबाबा एकदा तरी जातात, आणि मग सगळ्या घराला मोटरहोम भाड्याने घेऊन रॉकीज पर्वतातल्या बॅन्फला जायची हुक्की येते. बॅन्फ सुंदर आहे, त्यात वाद नाही. पण चाकांवरचं घर हाकायची पहिलीच खेप असेल तर गाडीचं तोंड पश्चिमेला नव्हे, पूर्वेला वळवा. त्याच एक नंबरच्या हायवेने सुमारे २९५ किलोमीटरवर मेडिसिन हॅट नावाचं ६३ हजार वस्तीचं शहर आहे. पणजीपेक्षा मोठं, मडगावपेक्षा लहान. त्याच्या अलीकडे डायनोसॉर प्रोव्हिन्शियल पार्क, पलीकडे सायप्रस हिल्स. रस्ता सपाट नि सरळ, पार्किंगची मारामारी नाही, घाटातली वळणं नाहीत. पहाडात चुकलं की महागात पडतं. माळावर चुका करायला जागा असते, फक्त वारा तेवढा सांभाळायचा. त्याच्याबद्दल पुढे येतंच.

आधी गोव्यात उरकायची कामं. भारतीय पासपोर्टवर कॅनडाचा व्हिसा लागतो. घरात कोणाकडे पोर्तुगीज पासपोर्ट असेल तर त्या व्यक्तीला व्हिसा नाही, विमानप्रवासासाठी ईटीए, म्हणजे इलेक्ट्रॉनिक प्रवासपरवाना, पुरतो. म्हणजे एकाच घरात दोघांची कागदपत्रं निराळी, आणि गोंधळ नेमका तिथेच होतो. गाडी चालवणाऱ्याने आपल्या लायसन्ससोबत आंतरराष्ट्रीय परवाना काढायचा. अर्ज परिवहन पोर्टलवर, मंजुरी वाहतूक खात्याकडून, मुदत १ वर्ष. नुसता तो परवाना चालत नाही, मूळ लायसन्सही जवळ हवं. कॅनडात दोन आसांच्या मोटरहोमला अवजड वाहनाचं लायसन्स लागत नाही, साधं कारचं पुरतं. जो जो चालवणार त्याचं नाव भाडेकरारात असायलाच हवं. नाव नसलेल्या मेव्हण्याने पाच मिनिटं चाक धरलं आणि काही झालं, तर विमा गेला म्हणून समजा.

महिना कुठला? आपल्याला सुट्टी एप्रिल-मेमध्ये असते, पण तेव्हा तिथे रात्री पाणी गोठतं आणि बऱ्याच कॅम्पग्राउंडचे नळ बंद असतात. जूनमध्ये माळ हिरवागार असतो, दिवस सोळा तासांचा, सूर्य साडेनऊ वाजून गेल्यावर मावळतो. मात्र त्या भागात सर्वांत जास्त पाऊसही जूनमध्येच. आपल्या पावसाच्या मानाने तो शिंतोडाच, पण तिथल्या मातीला तेवढाही पुरतो. जुलै-ऑगस्टमध्ये ऊन ३५ अंशांपर्यंत चढतं, गर्दीही तेव्हाच. सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी लेबर डे झाला की शाळा सुरू होतात, भाडी उतरतात, डास संपतात. आमचं मत विचाराल तर सप्टेंबरचा पहिला पंधरवडा. चवथ त्याच दिवसांत आली तर मात्र घरातलं कोण हलणार, हा प्रश्न वेगळा.

आल्बर्टाच्या प्रांतीय उद्यानांतल्या जागांचं आरक्षण ९० दिवस आधी उघडतं. तिथले सकाळचे ९ म्हणजे उन्हाळ्यात आपल्याकडे रात्रीचे साडेआठ, त्यामुळे जेवणाआधी फोंड्यात बसूनही हे काम होतं. आरक्षण करताना प्रत्येक जागेसमोर लिहिलेली लांबी वाचा. गाडी २५ फुटी असेल आणि जागा १८ फुटांची, तर नाक रस्त्यावर येतं. वीज असलेली जागा घ्या. वीज, पाणी आणि सांडपाणी अशा तिन्ही जोडण्या प्रत्येक रात्री मिळायची गरज नाही. तीन रात्रींतून एकदा मिळाल्या तरी चालतं.

चौघांसाठी २४-२५ फुटी, ज्याला तिथे क्लास सी म्हणतात ती गाडी पुरे. चालकाच्या डोक्यावर पलंग, मागे आणखी एक, मध्ये स्वयंपाकघर आणि अंघोळीची खोली. लांबीला साडेसात मीटर, म्हणजे आपल्या गावागावांत फिरणाऱ्या मिनीबसएवढी. उंची पावणेचार मीटरच्या आसपास; नेमका आकडा चालकासमोर चिकटवलेला असतो, तो पाठ करा. पेट्रोलपंपाचं छत, बर्गरच्या दुकानाची खिडकी, झाडाची फांदी: छताला लागलेला मार बहुतेक विम्यांत धरत नाहीत. गाडी ऑटोमॅटिक, स्टिअरिंग डावीकडे, रहदारी उजवीकडून. याची सवय अर्ध्या दिवसात होते. होत नाही ती मागच्या भागाची. मागची चाकं गाडीच्या शेवटापासून बरीच पुढे असतात, त्यामुळे उजवीकडे वळलात की शेपूट डावीकडे झोकतं आणि पंपाच्या खांबाला घासतं. खांबापासून सरळ थोडं पुढे या, मग वळा. मागे घेताना एकाने खाली उतरलंच पाहिजे. कदंबाचा कंडक्टर मागे उभा राहून शिट्टी मारतो तसं, आणि अशा जागी उभं राहून की आरशात तो चालकाला दिसेल. दिसेनासा झाला की थांबायचं.

युरोप-आशियातून विमानाने आलेल्याला त्याच दिवशी गाडी देत नाहीत. एक रात्र झोप काढून या, असा नियम बहुतेक कंपन्यांचा असतो, आणि तो रास्त आहे. ताब्यात घेताना गाडी चारी बाजूंनी, छताच्या कडांसकट, व्हिडिओत घ्या. काचेवर आधीच असलेले खडीचे टिचके कागदावर लिहून घ्या. आल्बर्टात ट्रकच्या चाकाखालून खडी उडून काच फुटणं ही रोजची गोष्ट, म्हणून ट्रकच्या मागे अंतर ठेवा. सांडपाण्याची नळी, पिण्याच्या पाण्याची वेगळी नळी, पाण्याचा दाब कमी करणारं पितळी यंत्र, गाडी समतल करायचे प्लॅस्टिकचे ठोकळे, विजेचा ३० वरून १५ अँपिअरचा जोड, हे सगळं आहे का ते डोळ्यांनी बघा. दाब कमी करणारं ते लहानसं यंत्र नसेल तर मागून घ्या, कारण काही ठिकाणी नळाचा जोर इतका असतो की गाडीच्या आतली प्लॅस्टिकची पाइप निखळते आणि बिछान्याखाली तळं साचतं.

पेट्रोल शंभर किलोमीटरला २० ते २५ लिटर लागतं. कॅलगरी, डायनोसॉर पार्क, मेडिसिन हॅट, सायप्रस हिल्समधलं एल्कवॉटर आणि परत असा फेरा आठशेच्या वर जातो, इकडेतिकडे धरून हजार किलोमीटरचं पॅकेज घ्या. तिथे गॅस म्हणजे पेट्रोल आणि आपला सिलिंडरमधला गॅस तो प्रोपेन, हे चालकाने ध्यानात ठेवावं. पंपावर नळीचा रंग बघून भरू नका, पाटी वाचा. हायवेवर वेगमर्यादा ११० आहे, मोटरहोमला ९० ते ९५ पुरे. त्याहून पुढे गेलात तर पेट्रोल पितं आणि बाजूच्या वाऱ्यात गाडी ओढ घेते. समोरून मोठा ट्रक जातो तेव्हा आधी ढकलल्यासारखं, मग ओढल्यासारखं होतं. चाक घट्ट आवळून धरू नका, हलक्या हाताने सरळ ठेवा. झाडं वाकलेली दिसली, हायवेवर रिकामे ट्रेलर थांबलेले दिसले, की आपणही थांबायचं. गाडी चालू असताना सगळ्यांनी पट्टा बांधून बसायचं. मागे जाऊन चहा करायचा मोह आपल्या लोकांना फार, तो आवरा.

आता त्या वाऱ्याचा खरा बळी: गाडीच्या बाजूची गुंडाळी उघडून होणारं छप्पर, ज्याला तिथे ऑनिंग म्हणतात. दुपारी आकाश स्वच्छ, पान हलत नाही, म्हणून ते उघडं टाकून सगळे फिरायला जातात. माळावर झोत न सांगता येतो, ऑनिंगचं शीड होतं, दांड्यांसकट उलटून छतावर पडतं. बहुतेक विम्यांत हेही बसत नाही. नियम साधा: खाली कोणी बसलेलं नसेल तर गुंडाळलेलं असायला हवं, आणि झोपताना तर नेहमीच.

गाडीत पाण्याच्या तीन टाक्या. ताज्या पाण्याची साधारण दीडशे लिटर, बेसिन-अंघोळीची करडी टाकी सव्वाशे, संडासाची काळी टाकी शंभर. गाडीगणिक आकडे थोडे हलतात. गोव्यात विहीर आणि टाकी असलेल्या घरातल्या माणसाला दीडशे लिटर म्हणजे एक वेळ वाटते, आणि शॉवर सोडून ठेवला तर ती तितकीच टिकते. अंग ओलं करा, नळ बंद, साबण, मग धुवा. माणशी आठ-दहा लिटरमध्ये अंघोळ होते. गरम पाण्याचा बंब साधारण २२ लिटरचा असतो, तेव्हा तिसऱ्या माणसाला गार पाणी ठरलेलं. कॅम्पग्राउंडच्या स्नानगृहात अंघोळ केली तर हा हिशेब करावाच लागत नाही.

काळ्या टाकीबद्दल नीट बोललंच पाहिजे, कारण यावर कोणी बोलत नाही आणि घाण सगळी इथेच होते. आपल्याकडे धुवायची सवय असते, एक मग सोबत ठेवा. त्याने टाकी लवकर भरते, पण पाणी जास्त असलेली टाकी नीट रिकामी होते. संकट होतं ते उलट्या बाबतीत. तिन्ही जोडण्या असलेल्या जागेवर लोक काळ्या टाकीच्या निचऱ्याची खिटी उघडीच ठेवतात. पातळ तेवढं वाहून जातं, घट्ट भाग खाली साचून त्याचा ढीग होतो आणि मग तो पाण्याने हलत नाही. खिटी बंदच ठेवायची, टाकी दोन-तृतीयांश भरली की एकदम उघडायची. ओले वाइप्स कधीही टाकू नयेत, कागद गाडीसाठी मिळतो तोच. आतल्या फलकावरचे दिवे टाकी भरली-रिकामी दाखवतात, ते खोटं बोलतात: संवेदकाला कागद चिकटला की रिकामी टाकीही भरलेली दिसते. दिव्यापेक्षा दिवस मोजा. चौघांना तिसऱ्या दिवशी रिकामी करायची.

रिकामी करताना हातमोजे आधी. सांडपाण्याचं तोंड जमिनीतल्या भोकाजवळ येईल अशी गाडी लावा आणि इंजिन बंद करा. त्या तोंडाचं झाकण उघडण्यापूर्वी दोन्ही खिट्या पूर्ण आत आहेत ना, ते दाबून बघा. एखादी अर्धवट असेल तर झाकणामागे जे साचलंय ते बुटांवर येतं. नळी फिरवून दोन्ही खाचांत बसेपर्यंत घट्ट करा, दुसरं टोक भोकात खोल घाला आणि त्यावर वजन ठेवा. आधी काळी खिटी ओढा, आवाज पूर्ण थांबेपर्यंत थांबा, बंद करा. मग करडी ओढा. साबणाचं पाणी नळी धुऊन काढतं, क्रम तेवढ्यासाठीच. ती बंद करा, गाडीकडचं टोक सोडा, उचलून भोकाकडे निथळवा. काळ्या टाकीत कमोडमधून चार-पाच लिटर पाणी आणि औषधाची पुडी टाका, कोरडी ठेवायची नाही. तिथे नळी धुवायला जो नळ असतो त्यावर पिण्यायोग्य नसल्याची पाटी असते. ताजी टाकी त्या नळावर कधीही भरू नका. पिण्याचं पाणी भरायचा नळ वेगळा, नळीही वेगळी.

विजेचा प्रकार सोपा आहे. खांबावरचा खटका पाडा, प्लग लावा, खटका चढवा. १२० व्होल्टवर ३० अँपिअर म्हणजे ३,६०० वॅट. एसी चालू असताना मायक्रोवेव्ह आणि विजेची किटली एकदम लावली की खटका पडतो. घरचा मिक्सर नेऊ नका. २३० व्होल्टचा मिक्सर तिथे नुसता कण्हतो. वाटण म्हणजे सुकं भाजून दळलेलं न्यावं, नारळाचं दूध तिथे डब्यात मिळतं. कोकमं, तिरफळं, मसाले विमानतळावर जाहीर करून न्यायचे, लपवायचे नाहीत. प्रेशर कुकर गॅसवर उत्तम चालतो, फक्त छताचा पंखा लावून. मासे मात्र आत तळू नयेत. धुराचा भोंगा तर वाजेलच, शिवाय वास गाद्यांत बसतो आणि सफाईचे पैसे लागतात. बाहेर लाकडी टेबल असतं, शेगडी असते, तिथे रवा लावून खुशाल तळा. उरलेलं तेल बेसिनमध्ये ओतायचं नाही, बाटलीत भरून कचऱ्यात. फ्रीज गॅसवरही चालतो, पण गाडी कललेली असेल तर थंड होत नाही आणि बिघडतो, म्हणून आधी ठोकळे, मग बाकी सगळं. विजेशिवायच्या जागेवर रात्री हीटर लावलात तर ऊब प्रोपेनची असते, पण तिचा पंखा बॅटरीवर फिरतो. पहाटे तीनला कुठूनतरी टीं-टीं ऐकू आलं तर ती बहुधा बॅटरी संपत आल्याची हाक असते. भोंगा नेमका कशाचा, हे मात्र उठून बघाच. प्रोपेनचा किंवा कार्बन मोनॉक्साइडचा असेल तर सगळ्यांनी बाहेर.

ब्रूक्स गावापासून ईशान्येला ४८ किलोमीटर डायनोसॉर पार्क. शेतं, शेतं, आणि मग एकाएकी जमीन संपते. खाली रेड डिअर नदीने कोरलेली पट्ट्यापट्ट्यांची दरी, मशरूमसारखे दगडी खांब. साडेसात कोटी वर्षांपूर्वी इथे गोव्यासारखंच दमट, नदीनाल्यांचं रान होतं. चाळीसहून अधिक जातींच्या डायनोसॉरचे अवशेष इथे सापडले आणि १९७९ साली युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून नोंद केली. गाभ्याचा भाग राखीव आहे, तिथे मार्गदर्शकासोबतच जाता येतं. त्या फेऱ्यांची तिकिटं जागेच्या आरक्षणाबरोबरच काढा, आयत्या वेळी मिळत नाहीत. हाडाचा तुकडा पायाखाली आला तरी उचलायचा नाही, गुन्हा आहे. दुपारी दरीत भट्टी होते, सावली नाही. माणशी दोन लिटर पाणी घेऊन सकाळीच फिरा. आणि ती माती: कोरडी असताना लाह्यांसारखी फुगून तडकलेली, ओली झाली की साबण. आपल्या पावसातल्या तांबड्या मातीवर घसरायची सवय असलेलाही इथे आपटतो. पाऊस पडला की टेकाडांवर चढू नका, मोटरहोम डांबर सोडून नेऊ नका. रॅटलस्नेक आहेत, चापड्याच्या कुळातले, शेपटी वाजवून आधी सांगतात. दगडाखाली हात घालू नये, बस.

मेडिसिन हॅटमध्ये दोन रात्री काढा, नगरपालिकेचं गॅस सिटी कॅम्पग्राउंड नदीकाठी आहे. टाक्या, कपडे, किराणा सगळं इथेच आटपायचं. ‘गॅस सिटी’ हे नाव उगाच नाही: १८८३ मध्ये रेल्वेवाले या पट्ट्यात पाण्यासाठी विंधण घेत होते, नैसर्गिक वायू लागला, आणि शहर आजही आपली वीज व वायू स्वतःच्या मालकीच्या कंपन्यांतून पुरवतं. स्वस्त वायू आणि चांगली चिकणमाती म्हणून इथे कुंभारकाम फोफावलं. मेडाल्टाच्या जुन्या कारखान्यात मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या घुमटाकार भट्ट्या आत शिरून बघता येतात. डिचोलीची कुंभारवाडी पाहिलेल्याला तिथे दोन तास कमी पडतील. हायवेलगतची सामिस टिपी, कॅलगरीच्या १९८८ च्या हिवाळी ऑलिंपिकसाठी उभारलेला वीस मजली उंचीचा पोलादी तंबू, दहा मिनिटांत बघून होते. तिथे ‘कुली’ हा शब्द कानावर येईल. तो हमाल नव्हे, माळात कोरली गेलेली घळ.

मग पूर्वेला तीसेक किलोमीटर आणि ४१ नंबरने दक्षिणेला तेवढंच गेलं की सायप्रस हिल्समधलं एल्कवॉटर. माळाच्या मधोमध १,४५० मीटरहून उंच चढणारं हे पठार, रॉकीज आणि लॅब्राडॉर यांच्यामधला सर्वांत उंच भाग. शेवटच्या हिमयुगात याचा माथा बर्फाबाहेर राहिला, म्हणून इथे माळावर न दिसणारी पाइनची जंगलं. शहरात घाम येत असेल तेव्हा इथे रात्री पांघरूण लागतं. तलावाकाठी तिन्ही जोडण्यांच्या जागा आहेत. तीन रात्री राहायच्या तर इथे. २००४ पासून इथे तारे दिसावेत म्हणून रात्रीचा अंधार राखला जातो, पण जूनमध्ये खरा काळोख मध्यरात्रीच्या आसपास थोडाच वेळ मिळतो. ताऱ्यांसाठी सप्टेंबर. रस्त्यावर गुरांना अडवायला लोखंडी दांड्यांची जाळी बसवलेली असते, ती सरळ रेषेत, सावकाश ओलांडायची. संध्याकाळी हरणं आडवी येतात, अंधारात गाडी हाकू नये. अन्न बाहेर टेबलावर सोडू नये. रात्री अकरा ते सात शांतता. आपल्या गप्पांचा आवाज आपल्याला वाटतो त्यापेक्षा मोठा असतो. फेणी आपल्या जागेवर बसून घ्या, चालत्या गाडीत उघडी बाटली गुन्हा.

सायप्रस हिल्सचं पार्क शेजारच्या सस्कॅचेवान प्रांतातही पसरलंय, तिकडे १८७५ मध्ये बांधलेला फोर्ट वॉल्श आहे. त्या बाजूला गाडीचा वेगळा प्रवेश परवाना लागतो, आल्बर्टाच्या बाजूला लागत नाही. नकाशावर तिकडच्या दोन भागांना जोडणारा गॅप रोड जवळचा दिसतो. तो कच्चा आहे, ओला झाला की मोठ्या गाड्याही रुततात. मोटरहोमने कधीच नाही. वेळ उरला तर दक्षिणेला मिल्क नदीकाठी रायटिंग-ऑन-स्टोन. उसगाळीमळला कुशावतीच्या काठी जांभ्यावरची चित्रं पाहिलेल्यांनी ब्लॅकफूट या तिथल्या मूळनिवासी लोकांची वालुकाश्मावरची ही कोरीव कामं बघावीत. पण त्यासाठी दोन दिवस जास्त धरा, एका दिवसात जाऊन येऊ म्हणू नका.

परतीला एल्कवॉटर ते कॅलगरी सुमारे ३६० किलोमीटर, मोटरहोमने पाच तास. गाडी सकाळीच परत मागतात आणि तासाच्या हिशेबाने दंड लावतात, म्हणून आदली रात्र कॅलगरीच्या जवळ काढा. टाक्या रिकाम्या करायचं काम निघतानाच उरका. शहरात जागा शोधण्यात तास जातो. पेट्रोल पूर्ण, प्रोपेन भरलेला, त्याच्या पावत्या पुढच्या कप्प्यात. ओटा आधी साबणाने पुसा, मग बेकिंग सोडा भिजवून हळदीच्या डागांवर दहा मिनिटं ठेवा. पांढऱ्या ओट्यावर पिवळं राहिलं तर ते सफाईत धरत नाहीत, नुकसानीत धरतात.